कथा ते पडदा: माध्यमांतराचा अभ्यास कोणत्या क्रमाने करावा

कथेवरून चित्रपट झाला की बहुतेकांचा अभ्यास एकाच वाटेने जातो. आधी चित्रपट बघायचा, मग पुस्तक चाळायचे, फरकांची यादी करायची आणि शेवटी निकाल द्यायचा: पुस्तकच चांगले. अशा यादीतून कथाही उलगडत नाही आणि चित्रपटही. ‘हा प्रसंग गाळला आहे’ एवढे लिहून थांबलेल्या निबंधात खरा प्रश्न तसाच राहतो. तो प्रसंग कथेत कोणते काम करत होता, आणि तो गेल्यावर ते काम आता कोण करते?

पुढचे सगळे टप्पे या एका प्रश्नापर्यंत पोचण्यासाठी आहेत. ते उलटसुलट केले तर प्रश्न विचारायला लागणारी सामग्रीच हाताशी राहत नाही. म्हणून क्रम पाळा. लागणारे साहित्य थोडके आहे: पुस्तकाची स्वतःची प्रत (खुणा करता येतील अशी), चित्रपट हवा तिथे थांबवता येईल अशी सोय, आणि आडव्या पानांची एक वही किंवा संगणकावरचा तक्ता.

१. जोडी निवडा, प्रत पक्की करा

पहिल्या अभ्यासाला लघुकथा घ्या, कादंबरी नको. लघुकथा दोनतीनदा पूर्ण वाचून होते आणि तिचे प्रत्येक वाक्य नजरेखाली राहते. शिवाय लघुकथेचा पूर्ण लांबीचा चित्रपट करायचा तर पटकथाकाराला भर घालावी लागते. कादंबरी असेल तर काटछाट करावी लागते. घातलेली भर नवशिक्याला पटकन दिसते. गाळलेल्या गोष्टी आणि त्या गाळण्याची कारणे दिसायला सराव लागतो.

निवड झाली की चित्रपटाची श्रेयनामावली अक्षरन् अक्षर वाचा. ‘सिंहासन’ (१९७९) बघताना अरुण साधूंची त्याच नावाची एकच कादंबरी समोर ठेवलीत, तर बरेच काही पटकथेत नव्याने घातलेले वाटेल. विजय तेंडुलकरांनी पटकथेसाठी साधूंच्याच ‘मुंबई दिनांक’चाही आधार घेतला आहे. ‘राशोमोन’ (१९५०) आणखी फसवा आहे. या जपानी चित्रपटाचे नाव आणि पडक्या वेशीची जागा अकुतागावा या लेखकाच्या एका कथेतून आली. खुनाच्या परस्परविरोधी जबान्या त्याच्या दुसऱ्याच कथेतून. नाव बघून पहिली कथा वाचणाऱ्याला चित्रपटातला गुन्हा तिच्यात सापडणारच नाही.

वहीच्या पहिल्या पानावर एवढे नोंदवा: पुस्तकाची कोणती आवृत्ती, मूळ की अनुवाद, अनुवाद असेल तर कोणाचा, चित्रपटाची तुमच्याकडची प्रत किती मिनिटांची, आणि कथा व चित्रपट यांच्या मधे आणखी काही आहे का, म्हणजे एखादे नाटक, आधी झालेला चित्रपट, लेखकाने स्वतः पुन्हा लिहिलेला खर्डा. मधले नाटक निसटले तर नाटककाराने केलेला बदल तुम्ही दिग्दर्शकाच्या नावावर लिहाल.

*इशारा:* कथा अनुवादात वाचत असाल तर शब्दकळा, वाक्यांची लय, बोलीचा वापर यांवर कोणतेही विधान करू नका. प्रसंग, क्रम आणि पात्रे यांवर खुशाल करा.

२. आधी कागद: दोन वाचने आणि प्रसंगपत्रक

चित्रपट अजून पाहिला नसेल तर उत्तम. आता पाहू नका. आधीच पाहिला असेल तर एक उपाय आहे. वाचायला बसण्यापूर्वी चित्रपटातले जे जे आठवते ते दहाबारा ओळींत लिहून पान दुमडून ठेवा. लिहिल्यामुळे आपल्या डोक्यात आधीच कोण बसले आहे हे कळते. कथेत नायकाचे वर्णन कुठेही नसताना तुम्हाला एका विशिष्ट नटाचा चेहरा दिसत राहतो, तेव्हा हे पान उपयोगी पडते.

पहिले वाचन सलग करा, हातात पेन्सिल नको. दुसऱ्या वाचनात प्रसंगपत्रक भरा. या सगळ्या अभ्यासाचा पाया हे पत्रक आहे आणि बहुतेक जण नेमके तेच टाळतात, कारण ते कंटाळवाणे वाटते. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ, आणि ओळीत हे रकाने:

- क्रमांक आणि पान
- कुठे, केव्हा
- समोर कोण आहे
- काय घडते (एकच वाक्य, त्यात क्रियापद हवेच)
- या प्रसंगात कोणाला नवे काय कळते (पात्राला? की फक्त वाचकाला?)
- कसे सांगितले आहे

शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. त्यात चारपैकी एक खूण करा. ‘दा’ म्हणजे प्रसंग डोळ्यांसमोर घडताना दाखवला आहे, संवाद आणि हालचालींसह. ‘सां’ म्हणजे थोडक्यात सांगून टाकला आहे. ‘म’ म्हणजे पात्राच्या मनात चालले आहे. ‘नि’ म्हणजे निवेदकाचे भाष्य: त्याचे मत, टोमणा, हळहळ.

समजा कथेत एक वाक्य आहे: ‘वर्षभर तो तिच्या पत्राची वाट बघत राहिला.’ खूण ‘सां’. वाचताना हे वाक्य दोन सेकंदांत संपते. कॅमेऱ्याला मात्र ‘वर्षभर’ दिसत नाही. त्याला एखादा दिवस, एखादे दार, पोस्टमनची एखादी रिकामी फेरी लागते. किंवा ऋतू बदलताना दाखवणारी चार दृश्ये. किंवा नंतर कुणाच्या तरी तोंडी एक वाक्य. कोणता मार्ग घेतला यावर प्रसंगाचे वजन ठरते, आणि निवड करावी लागली हे तुम्हाला ‘सां’ या खुणेमुळेच लक्षात येते. ‘म’ आणि ‘नि’ यांचेही तसेच. जिथे या तीन खुणांची दाटी आहे, तिथे पटकथेत मोठी उलथापालथ होणार हे आधीच समजून चाला.

कादंबरी असेल तर प्रत्येक प्रसंगाची ओळ करू नका, दमून सोडून द्याल. प्रकरणाला एक ओळ करा. नंतर तीन प्रकरणे निवडून तेवढ्यांचेच बारीक पत्रक भरा.

*तपासा:* ‘काय घडते’च्या रकान्यात ‘नायकाचे दुःख’, ‘गावाचे वातावरण’ असे काही लिहिले आहे का? तो विषय झाला, घटना नाही. ‘नायक घराची किल्ली शेजाऱ्याकडे देतो’ असे लिहा. घटना मिळतच नसेल तर तसे नोंदवा. त्या पानांवर काही घडत नाही हीच मोठी माहिती आहे.

३. चित्रपट लावण्यापूर्वी अंदाज लिहा

हा टप्पा छोटा आहे, तासाभराचा, पण वगळू नका. पत्रकावरून पडद्यावर आणायला सर्वांत अवघड वाटणाऱ्या तीन जागा निवडा आणि प्रत्येकीसाठी ‘मी असते किंवा असतो तर कसे केले असते’ हे दोन ओळींत लिहा. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब पटकथाकार धरतात. तोच धरून प्रत्येक जागेला किती मिनिटे द्याल तेही लिहा.

स्वतः उपाय शोधून बघितला की समोरच्याचा उपाय किती अवघड होता ते कळते. अंदाज न लिहिता चित्रपट पाहिलात तर पडद्यावर दिसलेली प्रत्येक गोष्ट अशीच असायला हवी होती असे वाटू लागते, आणि मग ‘का’ हा प्रश्नच सुचत नाही.

४. चित्रपट तीनदा पाहा, तीन वेगळ्या कामांसाठी

*पहिल्यांदा* न थांबवता. नोंदी नकोत. संपल्यावर लगेच लिहा: कुठे ताण वाढला, कुठे लक्ष उडाले, कोणाची बाजू घ्यावीशी वाटली.

*दुसऱ्यांदा* थांबवत थांबवत, कथेसारखेच पत्रक भरण्यासाठी. रकाने तेच, फक्त पानाच्या जागी मिनिट आणि सेकंद. दृश्य कुठे संपले याबाबत गोंधळ होतो, तेव्हा साधा नियम धरा: जागा किंवा वेळ बदलली की नवी ओळ. ‘कसे सांगितले’च्या रकान्यात आता खुणा वेगळ्या होतील: संवादातून, कृतीतून, चेहऱ्यातून, एखाद्या वस्तूतून, निवेदनाच्या आवाजातून, संगीत किंवा गाण्यातून, दोन दृश्ये जोडण्याच्या पद्धतीतून.

*तिसऱ्यांदा* फक्त निवडक दृश्ये. टप्पा ३ मधल्या तीन जागा आणि चित्रपटाचा शेवट. प्रत्येक दृश्य एकदा आवाज बंद करून पाहा आणि एकदा पडद्याकडे पाठ करून ऐका. आवाज बंद असताना कोण कोणाकडे बघते, कॅमेरा कोणाच्या जवळ जातो, कोण चौकटीच्या कडेला ढकलले जाते हे दिसते. नुसते ऐकताना कळते की भावना संवादात होती की पार्श्वसंगीताने ती आणून दिली.

*इशारा:* दुसऱ्या वेळी पुस्तक उघडून शेजारी ठेवू नका. ठेवलेत की ‘पुस्तकात असे नाही’ हेच दिसत राहते आणि चित्रपटाचे पत्रक अर्धवट भरले जाते. दोन्ही पत्रके स्वतंत्रपणे पूर्ण झाली पाहिजेत.

दिग्दर्शकाच्या मुलाखती, समीक्षा, प्रसिद्ध झालेली पटकथा हे सगळे टप्पा ६ पर्यंत बाजूला ठेवा. छापील पटकथेबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्या. ती चित्रीकरणाच्या आधीची असू शकते, किंवा पूर्ण झालेला चित्रपट बघून नंतर उतरवलेली. कोणती आहे हे कळल्याशिवाय ती पुरावा म्हणून वापरू नका.

५. दोन पत्रके शेजारी ठेवा

आता प्रत्येक ओळीपुढे एक शब्द लिहा: ठेवले, गाळले, घातले, हलवले, जोडले किंवा पालटले. ‘जोडले’ म्हणजे दोन पात्रांचे किंवा दोन प्रसंगांचे एक केले. ‘पालटले’ म्हणजे प्रसंग आहे, पण वस्तू, जागा किंवा परिणाम वेगळा.

सर्वाधिक चुकणारा शब्द ‘ठेवले’. संवाद शब्दशः तोच असला म्हणजे प्रसंग ठेवला असे होत नाही. तेच वाक्य कथेत बंद खोलीत म्हटलेले असेल आणि चित्रपटात चार माणसांसमोर, तर ते ‘पालटले’. ‘हलवले’कडेही दुर्लक्ष होते, कारण प्रसंग दोन्हीकडे असल्यामुळे यादीत फरक म्हणून तो येतच नाही.

६. प्रत्येक मोठ्या बदलाचे काम शोधा

इथे वेळ द्या. आधीचे सगळे टप्पे मिळून जेवढा वेळ गेला, तेवढा या एकट्याला गेला तरी चालेल.

पत्रकातून पाच ते सात बदल निवडा. जास्त नकोत. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: कथेत या जागेचे काम काय होते? पडद्यावर ते काम तसेच करण्यात अडचण कोणती? बदलामुळे ते काम झाले, दुसरीकडे गेले, की सोडून दिले?

दोन उदाहरणे सावकाश पाहू.

विभूतिभूषणांच्या ‘पथेर पांचाली’ या बंगाली कादंबरीत अपूची बहीण दुर्गा मेल्यानंतर, गाव सोडायच्या वेळी, अपूच्या हाती तिने चोरलेली सोन्याची कुंकवाची डबी लागते आणि तो ती बांबूच्या बनात भिरकावतो. सत्यजित रायांच्या चित्रपटात (१९५५) ती वस्तू मण्यांचा हार आहे, आणि अपू तो तळ्यात टाकतो. यादी करणारा इथे ‘डबीऐवजी हार, बनाऐवजी तळे’ लिहून पुढे जाईल. काम शोधणारा थांबेल. जागेचे काम असे: बहिणीचा अपराध अपूला कळतो आणि तो ते गुपित कायमचे गाडून टाकतो. अपूच्या मनात काय चालले आहे हे कादंबरी शब्दांत सांगू शकते. पडद्यावर मात्र एक मुलगा काहीतरी फेकतो एवढेच दिसेल. बांबूच्या बनात पडलेली वस्तू नजरेआड होते आणि दृश्य तिथेच संपते. तळ्यात मात्र हार पडल्यावर पाण्यावरचे शेवाळ फाटते, खालचे पाणी दिसते आणि शेवाळ पुन्हा हळूहळू जवळ येते. गुपित मिटल्याचे प्रेक्षक डोळ्यांनी बघतो, एकही शब्द न बोलता. हारामुळे आणखी एक काम होते. चित्रपटात सुरुवातीलाच दुर्गेवर याच हाराच्या चोरीचा आळ येतो, त्यामुळे शेवटी तो दिसला की प्रेक्षकाला काहीच समजावून सांगावे लागत नाही.

याच चित्रपटात ‘हलवले’चेही चांगले उदाहरण आहे. कादंबरीत म्हातारी इंदिर ठाकरुण फार लवकर, अपू तान्हा असतानाच मरते. चित्रपटात ती अपू मोठा होईपर्यंत जिवंत आहे आणि तिचे प्रेत मुलांनाच सापडते. एका मृत्यूची वेळ सरकली, तर किती गोष्टी हलल्या पाहा: मुलांना मरण पहिल्यांदा कळते ते तिच्यामुळे, आणि दुर्गेच्या मृत्यूपर्यंत प्रेक्षक त्या घरातल्या एका मरणातून आधीच गेलेला असतो. मोठा बदल एकटा कधीच राहत नाही. तो सापडला की पत्रकात खाली बघत जा आणि त्याच्यामुळे पुढे काय काय बदलावे लागले त्याची साखळी काढा.

दुसरे उदाहरण प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाड़ी’चे. इंग्रज अवधचे राज्य घेत असताना बुद्धिबळात बुडालेल्या दोन मित्रांची ही कथा. कथेच्या शेवटी दोन्ही मित्र पडक्या मशिदीत तलवारी उपसतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. रायांच्या चित्रपटात (१९७७) पिस्तुलाची गोळी सुटते, कुणी मरत नाही आणि दोघे पुन्हा डाव मांडतात. शिवाय चित्रपटाचा मोठा भाग अवधचा नवाब वाजिद अली शाह आणि तिथला इंग्रजांचा प्रतिनिधी (रेसिडेंट) औट्रम यांच्यावर खर्च होतो. कथेत सत्तेची ही उलथापालथ निवेदक थोडक्यात सांगून टाकतो. हे दोन बदल सुटे सुटे लिहिले तर चमत्कारिक वाटतात. पत्रकातल्या ‘नि’ खुणांकडे बघा. राज्य जात असताना बुद्धिबळात बुडालेल्या माणसांची लाज कथेत निवेदकाच्या स्वरात आहे. राजासाठी ज्यांनी अश्रूचा थेंब गाळला नाही ते पटावरच्या वजिरासाठी मेले, असे तो शेवटी स्पष्ट बोलून दाखवतो. पडद्यावर निवेदकाने इतके बोलणे जड झाले असते. म्हणून राजाचा पट प्रत्यक्ष दाखवला आणि दोन डाव शेजारी ठेवून तुलना प्रेक्षकावर सोपवली, असे मला वाटते. शेवटही त्याला धरूनच आहे: मेलेल्यांची लाज मरणाबरोबर संपते, खेळत राहिलेल्यांची नाही. हा माझा अन्वयार्थ. तुमचा वेगळा असू शकतो, पण त्याला पत्रकातल्या ओळींचा आधार हवा.

*तपासा:* तुमच्या कारणांत ‘वेळ कमी म्हणून’ किती वेळा आले आहे? एकदोनदा ठीक. वेळेमुळे काहीतरी गाळावे लागते हे खरे, पण हेच का आणि ते का नाही, याचे उत्तर वेळ देत नाही.

*तपासा:* ‘प्रेक्षकांना आवडावे म्हणून’ हे कारण लिहिले असेल तर खोडा. ते कुठल्याही बदलाला चिकटवता येते, म्हणून कशाचेच स्पष्टीकरण देत नाही.

कलेबाहेरची कारणेही असतात: खर्च, नटाची प्रतिमा, सेन्सॉर, चित्रपट बनला त्या काळातले प्रश्न. ती लिहायची असतील तर बाहेरचा पुरावा हवा. मुलाखती आणि आठवणी वाचायची वेळ आता आली. मात्र आपले उत्तर आधी लिहून मगच वाचा. आणि प्रत्येक निर्णय दिग्दर्शकाच्याच नावावर टाकू नका. पटकथाकार, संकलक, छायालेखक यांचेही हात त्यात असतात.

७. निवेदकाचा वेगळा हिशेब

कथा प्रथमपुरुषी असेल तर हा टप्पा स्वतंत्रपणे करा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी वाचताना आपण तरुण मास्तराच्या डोळ्यांनी गाव बघतो. मास्तर स्वतः क्वचितच दिसतो, कारण पाहणारा तोच आहे. पडद्यावर तो इतरांसारखाच चौकटीत उभा राहतो आणि आपण त्याच्याकडे बाहेरून बघू लागतो. कोणत्याही प्रथमपुरुषी कथेच्या वाट्याला हेच येते.

दोन गोष्टी मोजा. निवेदक हजर नसलेली दृश्ये चित्रपटात किती आहेत? तेवढ्या वेळा चित्रपटाने त्याची नजर सोडली आहे. आणि निवेदनाचा आवाज वापरला असेल तर तो दृश्यात दिसणारेच सांगतो, की दृश्याला छेद देणारे काही? दुसऱ्या प्रकारची वाक्ये नेमकी उतरवून घ्या, पुढे लिहिताना तीच उपयोगी पडतात.

८. जमल्यास दुसरे रूपांतर घ्या

एकाच कथेवर दोन चित्रपट असतील तर अभ्यास खूप सोपा होतो. राजस्थानी लेखक विजयदान देथांच्या ‘दुविधा’ या कथेवर मणी कौल यांनी १९७३ मध्ये चित्रपट केला आणि अमोल पालेकरांनी २००५ मध्ये ‘पहेली’. एका नवविवाहितेकडे तिच्या नवऱ्याचे रूप घेऊन आलेले भूत शेवटी पिशवीत कोंडले जाते. कौलांच्या चित्रपटात ती बाई खऱ्या नवऱ्याबरोबर उरते. ‘पहेली’त भूत सुटून नवऱ्याच्या शरीरात येते. एकाच चित्रपटाकडे बघताना शेवट अटळ वाटतो. दुसरा शेजारी ठेवला की दोन्ही निवडी होत्या हे दिसते. तुलना आधी फक्त शेवटाची आणि निवेदनाच्या पद्धतीची करा. सगळे एकदम घेऊ नका.

९. लिहायला बसा

मसुद्याची सुरुवात कथेच्या सारांशाने करू नका. निवडलेल्या बदलांपैकी ज्याची साखळी सर्वांत लांब निघाली, तो पहिल्या परिच्छेदात ठेवा. बाकीचे त्याच्याशी नाते असेल त्या क्रमाने घ्या, चित्रपटातल्या क्रमाने नव्हे. ज्याचे नाते लागत नाही तो बदल कितीही आवडला तरी वगळा.

प्रत्येक विधानाला दोन पत्ते द्या: पुस्तकाचे पान आणि चित्रपटातले मिनिट. आठवणीवर लिहिलेली दृश्ये हमखास चुकतात, विशेषतः कोण आधी बोलले आणि कॅमेरा कोणावर होता याबाबतीत. म्हणून मसुदा झाल्यावर उद्धृत केलेले प्रत्येक दृश्य पुन्हा लावून बघा.

‘मूळ कथेला न्याय दिला’, ‘मूळ कथेवर अन्याय केला’ अशी वाक्ये सापडली तर त्यांच्या जागी कोणते काम झाले आणि कोणते सुटले ते लिहा. एखादे काम सुटलेच असेल तर स्पष्ट सांगा. अभ्यास म्हणजे प्रत्येक बदलाची वकिली नव्हे. शेवटी मसुदा अशा माणसाला वाचायला द्या, ज्याने ती कथा वाचलेली नाही आणि तो चित्रपटही पाहिलेला नाही. कोणता बदल झाला आणि त्याने काय साधले हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आले नाही, तर टप्पा ६ मधल्या तीन प्रश्नांकडे परत जा आणि तेवढा परिच्छेद नव्याने लिहा.